बांधातले फावडे

तिसऱ्या दिवशी सकाळीही फावडे तिथेच होते.

दुधाच्या खोलीच्या खिडकीतून रेन्स्केला ते दिसत होते. गायींच्या पाठींपलीकडे समुद्राच्या बांधाची हिरवी उतरण, आणि उतरणीच्या मधोमध एकच काळी उभी रेघ. इतक्या लांबून ते चमच्याएवढे वाटत होते. पण गेले तीन दिवस अख्खे ओक्केवीर गाव त्या चमच्याला वळसा घालून चालत होते. बांधावरची कोरडी वाट सोडून माणसे खालच्या चिखलातून जात होती.

ओक्केवीरमध्ये शेंबडे पोरही सांगेल की ज्याला आपल्या वाट्याचा बांध झेपत नाही, त्याने बांधात फावडे रोवावे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून जावे. घर, जमीन, गुरे सगळे मागे राहते. पाहणीच्या दिवशी बांधप्रमुख तीन हाका देतो, आधी मालकाला, मग त्याच्या रक्ताला, मग गावाला; जो ते फावडे उपटेल, त्याची जमीन आणि त्याचाच बांध.

आणि हे फावडे रेन्स्केच्या सासऱ्यांचे होते. वोबे स्वतः भिंतीतल्या कपाटासारख्या बिछान्यात पडून होते. परवा दुपारी ते चिकणमातीच्या खाणीपाशी, मातीने भरलेल्या हातगाडीशेजारी आडवे सापडले. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडे, आणि शब्द एकही नाही. फावडे त्यांनी रोवले की नुसते ठेवून विसरले, हे आता विचारणार कोणाला?

पाहणी आजच होती. दुपारी, भरतीच्या वेळी.

"बाबांनी सोडलं, वहिनी," गेर्लोफ म्हणाला. धाकटा दीर हार्लिंगेन शहरातून होडीने काल संध्याकाळी पोचला होता. बकलांचे शहरी जोडे त्याने चुलीपुढे वाळत घातले होते आणि पाय मोज्यांत आखडून घेतले होते. "एकाहत्तर वय. दादा गेल्यापासून एकट्यानं ओढत होते. एक दिवस वाटलं असेल, पुरे झालं."

"मग माती कशाला भरली गाडीत?" रेन्स्केने चहा ओतता ओतता विचारले.

"सवयीनं."

"सोडायचंच होतं तर माथ्यावर रोवलं असतं," यिके आत्या म्हणाली. वोबेंची ही बहीण लग्न न करता याच घरात म्हातारी झाली होती आणि घरातल्या प्रत्येक भांड्यावर तिचा अधिकार होता. "फावडं माथ्यावर रोवतात, चारचौघांना दिसेल असं. हे असं बांधाच्या कमरेत कोण रोवतं?"

"चढवलं नसेल वरपर्यंत."

"माझ्या भावाला? गेल्या आठवड्यात मेंढा खांद्यावर घेऊन चढला तो."

"आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी माझ्या खोलीच्या बाजूची आहे," यिके म्हणाली. "ज्याच्या घरात माझी खोली राहील, त्याची मी. शेजारच्या डूकेनं मला काल चर्चच्या दारात सांगितलं, जमीन मला मिळाली तरी खोली तुमचीच राहील. त्यामुळे तूर्त मी डूकेची."

रेन्स्केच्या हातातली किटली क्षणभर थांबली. आत्या असेच बोलायची, हे तिला बारा वर्षांत कळले होते. पण आज ते बोलणे नेहमीसारखे हसून सोडता आले नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "दुसऱ्या हाकेला तुम्ही पुढं व्हा. रक्ताच्या माणसाची हाक तुमचीच आहे. फावडं तुम्ही उपटा, बांध मी सांभाळते. तुम्हाला हार्लिंगेन सोडावं लागणार नाही."

गेर्लोफने चहाचा कप खाली ठेवला. त्याचा चेहरा वोबेंसारखाच लांबट होता, फक्त त्यावर वारा लागलेला नव्हता.

"दादा पण असंच म्हणाला होता. बांध मी सांभाळतो, तू जा. चार दिवसांनी त्याला त्याच बांधाखालून काढला आपण." त्याने कप बाजूला सरकवला. "हा बांध माणसं खातो, वहिनी. जमीन जाऊ दे. तुम्ही आणि बाबा माझ्याकडे या. वर माडीवर खोली आहे, दोरखंडाचं दुकान खाली. डांबराचा वास येतो, पण मरत कुणी नाही."

रेन्स्केला त्याचा राग आला नाही, हीच अडचण होती. हा माणूस भ्याड असता तर बरे झाले असते. तो भावावर प्रेम करणारा माणूस होता, आणि त्याच्या म्हणण्यात तिला खोटे काही सापडत नव्हते. फक्त नवरा, सीब्रन, गेल्यापासून त्या बांधाचा हात न् हात तिने आपल्या हातांनी बसवला होता. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे गवत धरत नाही, कुठे उंदीर पोखरतात, हे तिला तळहातासारखे ठाऊक होते. हार्लिंगेनच्या माडीवर या माहितीचे ती काय करणार होती?

आतून खरवडल्यासारखा आवाज आला. ती उठली.

बिछान्याची सरकती दारे उघडीच होती. वोबेंनी डाव्या हाताने गादीची शिवण उसवली होती आणि आतले गवत ओढून काढत होते. मूठभर गवत घेऊन ते फळ्यांमधल्या फटीत कोंबत. मग त्यावर तळहात दाबून धरत आणि तिच्याकडे पाहत. मग पुन्हा गवत. पुन्हा दाबणे.

"वारा लागतोय का, बाबा?"

त्यांनी डोळे मिटले. ते नाही म्हणत होते की चिडले होते, कळेना. तिने फटीवर घोंगडीची घडी लावली. त्यांनी ती ओढून खाली टाकली आणि फटीवर पुन्हा तळहात ठेवला.

"कालपासून हेच चाललंय," यिके मागून म्हणाली. "मी लापशी दिली, ती पण फटीत भरली. ताकातली लापशी. चांगली होती."

"बाबा सांगतायत की संपलं," गेर्लोफ दारातून हळू म्हणाला. "दाबून टाका, झाकून टाका. अजून काय असणार?"

रेन्स्केने खाली पडलेली घोंगडी उचलली. तिला कळत नव्हते, आणि न कळणे कबूल करायला वेळही उरला नव्हता.

अकराच्या सुमारास डूके आला.

शेजारचा डूके टाम्मिंगा साठीला टेकलेला, बैलासारख्या मानेचा माणूस होता. लाकडी जोडे त्याने दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवले, टोपी हातात घेतली आणि आधी कोणाशी न बोलता वोबेंच्या बिछान्याशी गेला. वोबेंनी त्याची बाही पकडली. चांगली घट्ट पकडली. डूके वाकून तसाच उभा राहिला, बाही सोडवून न घेता.

"काय म्हणतोयस, म्हाताऱ्या?"

वोबेंच्या घशातून नुसती हवा आली.

बाही सुटल्यावर डूके स्वयंपाकघरात येऊन बाकावर बसला. यिकेने त्याच्यापुढे राईची काळी भाकरी आणि लवंगेचे चीज ठेवले. त्याने ते तोडून खाल्ले, सावकाश. नजर चुलीच्या वर होती. तिथे एक जुने, पाते झिजलेले फावडे आडवे टांगलेले होते आणि त्यावर कांद्यांच्या माळा.

"माझ्या आजाचं," तो म्हणाला.

"माहीत आहे," यिके म्हणाली. "साठ वर्षं मी ते पुसतेय."

"त्यावर कांदे."

"चांगले वाळतात."

डूके हसला नाही. "नाताळच्या पुरात आजाच्या आठ गायी आणि दोन मुली गेल्या. वसंतात त्यानं फावडं रोवलं. तुमच्या बापानं, हिल्केनं, ते उपटलं. नियमानं उपटलं, मी नाही म्हणत नाही. पण आजा मरेपर्यंत दुसऱ्याच्या गोठ्यात झोपला. आणि माझा बाप रोज या घरावरून जाताना मान फिरवायचा." त्याने रेन्स्केकडे पाहिले. "मी चोरासारखा येणार नाही, पोरी. म्हणून आधी सांगायला आलो. तिसऱ्या हाकेला मी जाणार."

"मी पण जाणार," रेन्स्के म्हणाली.

हे ती बोलेल हे तिलाही ठाऊक नव्हते. गेर्लोफने मान वर केली. यिकेच्या हातातली सुरी भाकरीत थांबली.

"जा की," डूके म्हणाला. "वाट सगळ्यांची आहे." दारात जोडे घालताना त्याने मागे वळून विचारले, "तुझे गुडघे कसे आहेत?"

"तुमच्यापेक्षा बरे."

"हं," डूके म्हणाला, आणि गेला.

"भलतंच काहीतरी," गेर्लोफ म्हणाला. "वहिनी, एकटी बाई आणि साडेतीनशे हात बांध..."

"तिला काही सांगू नकोस," यिके मध्येच म्हणाली. ती उठली होती आणि कोपऱ्यातून स्वतःचे जोडे उचलत होती, ते हलके, विलोच्या लाकडाचे. "हे घाल, पोरी. तुझे जड आहेत. आत गवत भर, म्हणजे पाय सरकणार नाही."

"तू डूकेची होतीस ना?" गेर्लोफने विचारले.

"तो कांद्यांना नावं ठेवून गेला," आत्या म्हणाली.

दुपारी सगळे गाव बांधाच्या माथ्यावर जमले होते. वारा वायव्येचा. बाहेरच्या बाजूला उधाणाचे पाणी बांधाच्या निम्म्याच्या वर चढून करडे, शांत उभे होते. आत, पाण्याच्या पातळीच्या खाली, शेते आणि घरे. ओक्केवीरची माणसे ही गोष्ट पाहत नाहीत. ती पाहत राहिली तर झोप लागणार नाही.

बांधप्रमुख काळ्या कोटातला वाळका माणूस होता, सर्दीने बेजार. प्रथेप्रमाणे फावड्यापासून वीस पावलांवर दोरी धरलेली. फावड्यापाशी तीन दिवसांत कोणी गेले नव्हते. जवळ जाणे म्हणजे हात घालण्यासारखेच मानतात. गेर्लोफ हातातली टोपी फिरवत उभा होता.

"पहिली हाक मालकाला," बांधप्रमुख म्हणाला. "वोबे हिल्केस, आपलं फावडं घ्या."

वारा. कुठेतरी टिटवी ओरडली.

"दुसरी हाक रक्ताला."

रेन्स्केने गेर्लोफकडे पाहिले नाही. पाहिले असते तर ती विनवणी झाली असती. तिला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू आला, आणि मग तोही नाही.

"तिसरी हाक गावाला. धावायचं नाही. जो धावेल तो बाद."

कधीकाळी धावताना कोणाचे तरी नडगीचे हाड मोडले होते, तेव्हापासून हा नियम. म्हणून ओक्केवीरमध्ये जमिनी चालून जिंकाव्या लागतात. रेन्स्के चालली. डूके चालला. पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत दोन मोठी माणसे कोपरे हलवत, जोडे आपटत, ओल्या उतरणीवरून तिरकी चालत होती, आणि कोणालाही हसू येत नव्हते. यिकेचे जोडे खरोखर हलके होते. दहा पावलांत रेन्स्के दोन पावले पुढे होती. पंधरा पावलांत तीन.

मग तिच्या जोड्याखाली पचकन आवाज झाला.

ती थांबली.

दोन दिवस पाऊस नव्हता. बांधाच्या आतल्या उतरणीवर इथे पाणी असायचे काहीच कारण नव्हते. तिने खाली पाहिले. फावड्याच्या बुडाशी गवताचे ढेकूळ होते, उलटे घातलेले, मुळे वर. ढेकळाखालून पेंढ्याची टोके बाहेर आली होती. फावडे सरळ रोवलेलेच नव्हते. ते तिरके, ढेकळाच्या आरपार, खिळ्यासारखे ठोकलेले होते. आणि पात्याच्या कडेने पाण्याची दोऱ्याएवढी बारीक धार खाली उतरत होती.

मूठभर गवत. मग तळहात दाबून धरायचा.

"डूकेदादा," ती म्हणाली, "काढू नका."

डूके तिच्या बाजूने पुढे गेला होता. "आता हे नको, पोरी," तो धापा टाकत म्हणाला. "हरलीस तर हरलीस."

"बीळ आहे खाली. उंदराचं. बाबांनी बुजवलंय. पाणी चढलंय, दादा, काढू नका."

पण त्याचे दोन्ही हात दांड्यावर पडले होते, आणि साठ वर्षं वाट पाहणारे हात असे एका वाक्याने थांबत नाहीत. त्याने फावडे उपटले.

ढेकूळ उडाले. मागोमाग पेंढा, आणि पेंढ्यामागे दंडाएवढ्या जाडीचे पाणी, सरळ डूकेच्या छातीवर.

यानंतर जे झाले ते गावातल्या प्रत्येकाने वेगवेगळे सांगितले. रेन्स्केने पाहिले ते इतकेच. डूकेने विचार केला नाही. त्याने मागे पाहिले नाही, जमीन कोणाची हे आठवले नाही. तो गुडघ्यावर पडला, वाहून चाललेले ढेकूळ एका हाताने धरले, बिळावर दाबले आणि दुसऱ्या हाताने फावडे त्यातून आरपार घातले. मग सगळे वजन टाकून त्यावर पालथा पडला. बांधावर वाढलेल्या माणसाचे हात त्याची परवानगी घेत नाहीत.

"माती," तो ओरडला. "कुणीतरी माती आणा, मढ्यांनो, उभे काय राहिलात."

"खाणीपाशी गाडी भरलेली आहे," रेन्स्के म्हणाली. आणि म्हणतानाच तिला कळले की ती गाडी कशासाठी भरलेली होती, आणि तीन दिवस एक माणूस बिछान्यात पडून जिवाच्या आकांताने काय सांगत होता.

तिने पेंढा गोळा केला आणि डूकेच्या दंडाखालून आत कोंबायला लागली. मान वर केली तेव्हा खालून गाडी येत होती. ढकलत होता गेर्लोफ. शहरी जोडा एका पायात होता, दुसऱ्या पायात नुसता मोजा, आणि तोंडाने तो लहानपणी सीब्रनकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या देत होता.

तिघांनी मिळून माती भरली. गावकरी उतरले, तुडवणारे पाय वाढले. घटकाभरात धार थांबली. त्या जागेवर हात ठेवला तर नुसती थंड, कोरडी होऊ पाहणारी माती लागत होती. माथ्यावरून कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

बांधप्रमुख नाक पुसत खाली आला. "डूके टाम्मिंगा, फावडं तुम्ही उपटलंत. गावानं पाहिलं. जमीन तुमची."

"हं," डूके म्हणाला. तो अजून मातीत बसला होता. दाढीतून पाणी गळत होते.

"मग तुम्हीच ते पुन्हा रोवलंत," यिके आत्या माथ्यावरून म्हणाली. तिला कोणी विचारले नव्हते. "तेही गावानं पाहिलं. रोवलं म्हणजे सोडलं. का नियम फक्त आमच्या घराला?"

बांधप्रमुखाने शिंक दिली. "ते गळती थांबवायला रोवलं, बाई. सोडायला नव्हे."

"मग माझ्या भावानं कशाला रोवलं होतं?"

डूकेने खालच्या बाजूला पाहिले. उतारावरचे पाणी जिकडे वळले होते तिथे पहिले शेत त्याचे होते, आणि त्याच्यामागे त्याचा गोठा. हे बीळ फुटले असते तर आधी तोच बुडाला असता. तो तिकडे बराच वेळ पाहत होता.

"म्हातारा बाही धरून हेच सांगत होता," तो शेवटी म्हणाला. "आणि मला वाटलं, गयावया करतोय." त्याने हाताची माती गवताला पुसली. "आजानं सोडायला रोवलं होतं. यानं धरायला रोवलं. हे फावडं मी ठेवून घेतलं तर घरावरून जाताना मान मलाच फिरवावी लागेल. लिहा, बांधप्रमुख. डूकेनं उपटलं, आणि डूकेनं रोवलं. हाका द्या पुन्हा."

"नक्की?"

"थंडी वाजतेय मला. द्या."

"पहिली हाक मालकाला."

"मालक चिखलात बसलाय. नाही घेत."

"दुसरी हाक रक्ताला."

डूकेचे दोन धिप्पाड मुलगे माथ्यावर उभे होते. त्याने त्यांच्याकडे असे पाहिले की दोघांना एकदम आपल्या जोड्यांत काहीतरी रुतल्याचे आठवले.

"तिसरी हाक गावाला."

गेर्लोफ रेन्स्केच्या शेजारी होता. मोजा फाटून अंगठा बाहेर आला होता. त्याने तिच्या कोपराला हात लावला. "चला, वहिनी," तो हळूच म्हणाला. "मी पण पाहिलं ना. तुम्ही थांबलात. पुढं असून थांबलात. दादा पण थांबला असता." मग घसा साफ करून, "हिवाळ्यात सुटीला मी येईन. दोरखंड आणीन. तेवढंच जमेल मला."

"तेवढं पुष्कळ झालं, भावोजी."

ती चालली. घाई नव्हती. दांडा ओला होता आणि डूकेच्या हातांनी अजून कोमट. फावडे सहज निघाले, भरलेल्या मातीतून, आणि मागे काहीही आले नाही. एक थेंबही नाही.

"तेवढं चुलीवरचं दे," डूके खालून म्हणाला. "आजाचं."

"कांदे कुठं टांगू मी?" यिके म्हणाली.

"मी खुंटी ठोकून देतो."

"दोन ठोक," आत्या म्हणाली.

घरात शिरताना रेन्स्केने जोडे काढले, फावडे नाही ठेवले. ती तशीच बिछान्याशी गेली. वोबे जागे होते. फटीत गवत होते आणि गवतावर तळहात, दाबलेला.

"बुजलं, बाबा," ती म्हणाली. "माती भरली. तुमच्याच गाडीतली. हात काढा आता."

त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग दारात चिखलाने माखून उभ्या असलेल्या गेर्लोफकडे, त्याच्या एका मोज्याकडे. हात फळीवरून सरकला आणि गोधडीवर येऊन पडला. तीन दिवसांत पहिल्यांदा तो नुसता हात होता. तिने फावडे त्याच्याजवळ टेकवले.

बोटे दांड्यावरून खाली गेली, पात्यावर. तिथे थांबली. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, वाकडे, मग पुन्हा. यिके पुढे झाली. गेर्लोफ पुढे झाला.

"पुस," वोबे म्हणाले. "पुसलं... नाही."

"बोलला," यिके म्हणाली आणि एप्रनने डोळे टिपायच्या ऐवजी त्यात नाक शिंकरले. "तीन दिवसांनी बोलला, आणि काय बोलला बघा."

रेन्स्के बिछान्याच्या कडेला बसली. तिने पाते मांडीवर घेतले आणि एप्रनच्या टोकाने पुसू लागली, आधी पुढून, मग मागून, मग दांड्याच्या सांध्यात जिथे माती राहते तिथे, जसे सासऱ्यांनी शिकवले होते तसे. ते पाहत होते. सांधा पुसून झाला तेव्हा त्यांचा डोळा लागला होता.